रघुनाथ निंजाची बढती

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ‘अभिनंदन’ म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. त्या दिवशी सतीशच्या ऑफिसात बढत्यांची यादी लागायची होती, आणि आमच्या बँकेत साहेबांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी वाजला की पलीकडे सतीशच असणार हे ठरलेलं. साहेबांनी रिसीव्हर पुढे केला आणि मी त्याला एक अक्षर बोलू न देता सुरू झालो. अभिनंदन, पार्टी कधी, अप्पांना आधी सांग, त्यांना सगळ्यात जास्त आनंद होईल... मग सतीश म्हणाला, “पद्या, अप्पा गेले रे. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला. मी पेपर घेऊन येईपर्यंत...” साहेब माझ्याकडे बघत होते, कारण मी अजून हसऱ्या चेहऱ्यानेच उभा होतो. संध्याकाळी स्मशानातून परतताना मी माफी मागायला लागलो, तर सतीशने माझ्या खांद्यावर हात टाकला. “सोड यार. अप्पांना निरोप देताना कोणीतरी बढतीचं नाव काढायलाच हवं होतं.”

ते का, हे सांगायचं तर एका विचित्र खेळाबद्दल सांगावं लागेल. सतीश माझा शाळेपासूनचा मित्र. मुलुंड पूर्वेला आमची आणि त्यांची बिल्डिंग शेजारी शेजारी, मध्ये एक पाण्याची टाकी. अप्पा म्हणजे त्याचे वडील, मूळचे मालवणकडचे, एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊला तयार व्हायचे आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात आल्यासारखे आरामखुर्चीत बसायचे. चार वर्षांपूर्वी सतीशचा बोटीवरचा मामा परदेशातून एका खेळाचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. या खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि ‘मी आता हे करतो’ म्हणून सांगायचं. जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. माई, म्हणजे सतीशची आई, पहिल्या दिवशी म्हणाली, “म्हणजे नुसतं बोलायचं? मग ते आम्ही रोज खेळतोच की.”

पुस्तकाबरोबरचे अठरापगड कोनांचे फासे मामा बोटीवरच विसरला होता. त्यामुळे आम्ही घरातल्या हाउजीचे लाकडी नंबर एका उशीच्या अभ्र्यात भरले. अवघड काम असेल तर साठच्या वरचा नंबर निघायला हवा, असा आमचा हिशेब. गोष्ट सांगायला मी, कारण माझं तोंड बंद ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं. खेळायला सतीश आणि त्याची धाकटी बहीण रेखा. त्या वर्षी व्हिडिओ लायब्ररीत काळ्या कपड्यांतल्या निंजांची चलती होती, म्हणून आमच्या गोष्टीतही एका डोंगरी किल्ल्यावर निंजांची गुप्त टोळी होती. पुस्तकात निंजांच्या पायऱ्या दिलेल्या होत्या आणि नियम साधा होता : वरच्या पायरीवर जायचं असेल तर तिथल्या निंजाला द्वंद्वात हरवायचं, जमल्यास मारायचं.

एका रविवारी दुपारी मी हा नियम समजावून देत होतो. अप्पा खुर्चीत पेपर तोंडापुढे धरून बसले होते, आणि आम्हाला वाटायचं ते झोपलेत. पेपरमागून आवाज आला, “वरच्याला मारून बढती?”

“हो अप्पा, निंजा ना ते.”

“मग काम शिकवायचं कोणी? वरचा मेला तर खालच्याला चार्ज कोण देणार?” पेपर खाली आला. “जागा रिकामी व्हायला पाहिजे हे बरोबर. पण ती निवृत्तीने होते. फार तर बदलीने.”

पुढच्या रविवारपर्यंत अप्पांनी निंजांची अख्खी सेवाश्रेणी तयार केली. उमेदवार निंजा, कनिष्ठ निंजा, वरिष्ठ निंजा, आणि सगळ्यात वर निंजा अधीक्षक. उमेदवारी संपल्याशिवाय तलवार मिळायची नाही. प्रत्येक मोहिमेनंतर वरिष्ठाने खालच्याच्या कामावर शेरा द्यायचा. दोन निंजा सारख्या लायकीचे असतील तर जो टोळीत आधी आला तो ज्येष्ठ. मी हसून हसून लोळलो. पण एक नियम सांगताना अप्पांचा आवाज बदलला, तेव्हा मी हसायचा थांबलो नाही, ही माझी अक्कल. नियम असा होता : प्रतिकूल शेरा ज्याच्यावर आहे त्याला दाखवल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याची बढती अडवता येणार नाही.

मग अर्थातच त्यांना स्वतःला खेळायचं होतं. त्यांनी आपल्या निंजाचं नाव ठेवलं रघुनाथ.

“अप्पा, निंजाचं नाव रघुनाथ नसतं हो,” सतीश कळवळून म्हणाला.

“का? त्याची आई त्याला हाक काय मारत असेल? ए निंजा?”

रघुनाथासारखा निंजा जगात झाला नसेल. किल्ल्याच्या भिंतीवर दोर टाकण्याआधी तो विचारायचा, ही भिंत नक्की कोणाच्या ताब्यात आहे? पहारेकऱ्याला गुंगीचं औषध देण्याआधी त्याची ड्युटी किती वाजता संपते ते काढायचा आणि संपेपर्यंत थांबायचा. रेखाची निंजा तोवर तीन माणसं लोळवून मोकळी झालेली असायची. तरी रघुनाथ टिकला. सतीशचे दोन निंजा मेले, रेखाची एक पकडली गेली, आणि रघुनाथ एकेक पायरी चढत वरिष्ठ झाला. आता वर फक्त अधीक्षकाची जागा. अप्पा रविवारी सकाळपासून अस्वस्थ असायचे. मला वाटायचं, म्हातारपणी पोर झालेत. एकदा पाणी प्यायला आत गेलो तर माई कढईत पोहे परतत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्यांना कचेरीत अधीक्षक केलं नाही. फाईलमध्ये कुणीतरी काहीतरी शेरा मारून ठेवला होता. काय ते यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. गोपनीय आहे, म्हणाले. हाताखालचा पोरगा साहेब झाला आणि हे त्याला सर म्हणत रिटायर झाले. घरी एक शब्द बोलले नाहीत.” पोह्यांवर झाकण ठेवून तिने वर पाहिलं. “तू बोलू नकोस हं कुठे. तुझ्या पोटात काही राहत नाही.”

पोटात ठेवलं मी. पण डोक्यात जे शिरलं ते भलतंच. त्याच दुपारी रघुनाथाची अधीक्षकपदाची परीक्षा होती. शत्रूच्या तळघरातून मुद्रा उचलून आणायची. अप्पांनी अभ्र्यात हात घातला, नंबर न बघता माझ्या तळहातावर ठेवला. निघाला होता चौदा. मी मूठ मिटली आणि छाती फुगवून ओरडलो, “पंच्याऐंशी! रघुनाथ अधीक्षक झाला!”

कोणी टाळी वाजवली नाही. पंच्याऐंशी नंबर गणपतीत कॉलनीच्या हाउजीच्या वेळी हरवला होता. तो शोधायला अप्पांनी स्वतः तिन्ही बिल्डिंगांच्या नोटीस बोर्डांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. थापच मारायची तर साठच्या वरच्या बाकीच्या एकोणतीस नंबरांपैकी कुठलाही चालला असता. मी नेमका तोच निवडला.

अप्पांनी माझी मूठ उघडायला सांगितली नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “प्रदीप,” ते म्हणाले. एरवी मी त्यांचा पद्या. “हे नको रे. निदान इथे तरी नको.” आणि उठून गॅलरीत गेले.

पुढचे कितीतरी रविवार रघुनाथ ‘रजेवर’ होता. अप्पा पेपर तोंडापुढे धरून बसायचे, पण आता पान उलटायचं नाही की आवाज यायचा नाही. साडेनऊला दाढी, इस्त्री, तेही बंद झालं. सकाळभर बनियनवर बसलेले असायचे. सतीश म्हणाला, वाट लावलीस यार तू. मी रोज काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जायचो, माफी मागायचो, आणि अप्पा म्हणायचे, “अरे, खेळ तो. विसर.” ते ‘विसर’ ऐकलं की मला घास जायचा नाही. हा माणूस आयुष्यात एकदा हकनाक डावलला गेला, आणि उतारवयात हातात काहीतरी आलं तर तेही मी खोटं करून ठेवलं. शेवटी रेखानेच मला जिन्यात गाठलं. “तू बावळट आहेस का रे? तू त्यांच्यावर दया केलीस. दया त्यांना ऑफिसात पण मिळाली असेल ढिगाने. त्यांना शेरा हवा होता. तोंडावर.”

तिने आणखी काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मी अप्पांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “रघुनाथ निंजावर प्रतिकूल शेरा आहे. ऐकवतो.” पेपर हलला नाही. मी घसा खाकरला. “सदर निंजा प्रामाणिक आहे. परंतु भिंतीवर चढण्याआधी भिंत कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी करत बसतो. त्यामुळे दोनदा पहाट झाली. निर्णय घेण्यास कचरतो. बढतीस तूर्त योग्य नाही.”

पेपर खाली आला. “हे तुझं मत आहे?”

“हो अप्पा.”

“खरं मत? की पुन्हा काही...”

“खरं. फार वेळ लावता हो तुम्ही.”

अप्पा खुर्चीचे हात धरून उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. “मला उत्तर द्यायचंय,” म्हणाले, आणि उभ्यानेच बोलायला लागले. चुकीच्या भिंतीवर चढलेला निंजा शत्रूच्या नाही, शेजाऱ्याच्या हाती सापडतो, म्हणाले. रघुनाथाच्या चुकीने एकही माणूस गमावला नाही, म्हणाले. सतीश आणि रेखा सुरुवातीला गालात हसत होते. मग अप्पा म्हणाले, “साहेब, इतक्या वर्षांत माझ्या हातून एक फाईल गहाळ झाली नाही. मी सावकाश आहे, पण एक कागद चुकीच्या टेबलावर गेला नाही. हे तुम्ही कुणी बघितलं नाहीत.” निंजांकडे फायली नव्हत्या. कोणी त्यांना टोकलं नाही. माई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती, आणि हात पुसायचं तिला सुचत नव्हतं.

ते थांबले. मग मी म्हणालो, “चौकशीबद्दलचा शेरा मागे घेतो. पहाट झाली, तो भाग राहील.”

अप्पांनी विचार केला. “मान्य,” ते म्हणाले. “पहाट झाली होती.”

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी नंबर त्यांनी स्वतःच काढला, स्वतःच वाचला. नऊ. आणि अप्पा हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, चष्मा हातात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “हुकलं! नियमाने हुकलं!” माई घाबरून म्हणाली, “अहो, काय झालं काय तुम्हाला?” ते म्हणाले, “काही नाही गं. चहा टाक.” त्या हसण्याने माझ्या छातीवरचा धोंडा जो उतरला, तो परत चढला नाही. सोमवारपासून दाढी आणि इस्त्री पुन्हा सुरू झाली. रघुनाथ पुढे रीतसर अधीक्षक झालाही, पण कोणत्या रविवारी ते आम्हा कोणालाच नीट आठवत नाही. अप्पांनीही त्याचं फारसं काही केलं नाही. अधीक्षक म्हणून पहिला हुकूम एवढाच काढला की दिवाळीत निंजांना सुट्टी.

अप्पा गेले त्याला आता दीड महिना होईल. वाईट वाटतंच. पण कोणी भेटायला आलं आणि ‘फार अचानक गेले हो’ म्हणालं, की मला आतून हलकंच वाटतं, आणि ते लपवायला मी चहात बिस्कीट बुडवतो. अप्पांचं म्हणणं मनात राहून गेलं नाही. उशिरा का होईना, आणि समोर माझ्यासारखा माणूस का असेना, ते त्यांनी उभं राहून सांगितलं.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. आरामखुर्ची जागच्या जागी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं आम्ही न बोलता ठरवलं होतं. तेवढ्यात माई पदराला हात पुसत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मला पण घ्या.” मला भरून आलं. मी तिच्याकडे सरकून बसलो आणि अगदी हळुवार आवाजात खेळ समजावून द्यायला लागलो. हे बघा माई, यात पट नसतो, मी गोष्ट सांगतो, मग तुम्ही...

“गप बस रे मेल्या,” माई म्हणाली. “चार वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय. तुला गोष्ट सांगता येत नाही, हे ह्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं. तरी बसायचे.”