नकाशातला कोरा समुद्र

आखातातल्या बुसैतीनला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि म्हातारा घरमालक खाली. त्याला सगळे हाजी म्हणत, म्हणून आम्हीही. घरासमोरच्या उथळ समुद्रात त्याचा हदरा होता, म्हणजे खजुराच्या काड्या आणि जाळी रोवून केलेलं कुंपण. भरतीला मासे आत शिरायचे, ओहोटीला अडकायचे. झगा कमरेला खोचून हाजी चिखलातून चालत जायचा. त्याच्या बापाचाही हदरा तिथेच होता. शुक्रवारी आमच्याकडे बुद्धवंदनेला जमलेली मंडळी त्याचेच मासे जेवून जायची.

मी ड्राफ्ट्समन. नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात एक परदेशी साहेब आला आणि त्याने भिंतीवर कुठकुठल्या शहरांचे फोटो लावले. समुद्रात भराव, त्यावर सहापदरी रस्ता, कडेला झाडं. जगभर हेच चाललंय म्हणे, मग बुसैतीनने का मागे राहावं? किनाऱ्याचं शीट माझ्याकडे आलं. सर्व्हेत समुद्र कोरा होता आणि आमचा नियम असा की सर्व्हेत नाही ते काढायचं नाही. हदरा कुठे येतो हे मला रोज खिडकीतून दिसायचं. पेन्सिलीने एक खूण करून साहेबाला विचारायला माझं काय जात होतं? पण व्हिसा ऑफिसच्या हातात, उगाच शहाणपणा कशाला. ओढली त्यावरूनच भरावाची शाईची रेघ. सुबक आली. साहेबाने पाठ थोपटली आणि मी घरी येऊन बायकोपुढे शेखी मिरवली.

आता स्वतःचाच संताप येतो. गावाकडे रस्ता रुंद झाला तेव्हा आमची बौद्ध वस्ती नकाशातच नव्हती. वडिलांनी भरपाईसाठी तालुक्याला किती खेटे घातले ते बघतच मी वाढलो. मला तरी कळायला हवं होतं.

भरावाचे ट्रक सुरू झाले. नकाशात ज्यांचे हदरे आहेत त्यांना दुसरीकडे जागा मिळणार, असं हाजीच्या कानावर आलं. तुला नकाशे वाचता येतात, माझ्यासोबत कचेरीत चल, म्हणाला. नाही कसं म्हणणार? गेलो. कारकुनाने शीट उलगडलं. कोपऱ्यात माझीच आद्याक्षरं होती.

"इसमें मेरा हदरा किधर है?" हाजीने त्याच्या तोडक्या हिंदीत विचारलं.

"नहीं है, हाजी." मग बोलूनच टाकलं, "ये मैंने बनाया है."

त्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

कारकून अरबीत विचारत होता, ते मला कामापुरतं समजलं. हदरा तिथे होता हे डोळ्यांनी पाहिलेला, घरचा नाही आणि ज्याचा स्वतःचा हदरा गेलेला नाही, असा एखादा साक्षीदार आहे का? त्याने लिहून दिलं तर जागा मिळेल. मी लिहून दिलं असतं तर ऑफिसला कळलं असतं की मला सगळं ठाऊक होतं. मग नोकरी, व्हिसा, दोन्ही मुलींची शाळा, सगळं खलास. हाजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी शीटकडे बघत राहिलो.

"मफी," त्याने कारकुनाला सांगितलं. कोणी नाही.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो.