आमच्या दवाखान्याचा एकुलता एक लेख

“ब्रिजिदबायची गाठ परत आली का? कृपया ताबडतोब कळवा.”

सोलापुरातल्या एका अनोळखी डॉक्टरांचं हे पत्र घेऊन आमचे डॉक्टरसाहेब दवाखानाभर मिरवत होते.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. राणीचं राज्य, ठाण्यातला आमचा दोन खोल्यांचा दवाखाना, साहेब डॉक्टर आणि मी असिस्टंट. कॅन्सरवरचं आमचं संशोधन म्हणजे मुंबईच्या जर्नलमध्ये छापलेला एक लेख. क्लोरोफॉर्मने गुंगी आणून साहेबांनी ब्रिजिदबायच्या छातीतली गाठ काढली होती. लेखाच्या शेवटी ‘पेशंट पूर्ण बरी’. तो वाचून कोणी पत्र लिहिल्याची ही पहिलीच वेळ.

सोलापुरातही तशीच गाठ असलेली एक बाई होती. आमचं उत्तर मिळालं की तिथले डॉक्टर तिचं ऑपरेशन आमच्याच पद्धतीने करणार होते.

“लिही, परत आली नाही,” साहेब म्हणाले.

“आपल्याला काय माहीत? डिस्चार्जनंतर ती दिसलीच नाही.”

“बरी आहे म्हणून नाही दिसली!”

“बघून येतो, साहेब.”

साहेब फुरंगटले, पण जा म्हणाले.

खाडीकाठच्या गावात ब्रिजिदबाय अंगणात भात पाखडत होती. मला बघताच तिने पदर छातीशी घट्ट ओढला. मी समजलो.

“परत आली?”

“आयली. पावसाच्या आदीच.”

“मग दवाखान्यात का नाही आलात?”

“दाक्तर किती खूश झालते! माजी केस छापनार म्हनून सगल्यांना सांगत व्हते. त्यांना कसं सांगू, बाबा?”

मला तिचा रागही आला आणि रडूही आलं.

साहेबांना सगळं सांगितलं. मग सोलापूरला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘गाठ परत आली. हा रोग काखेत पसरतो; मी तिथे तपासलं नव्हतं. तुम्ही तपासा.’ जर्नललाही तसंच कळवलं आणि बॅग उचलून खाडीकडे निघाले.

गाठ इतकी पसरली होती की पुन्हा कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती असेपर्यंत साहेब दर आठवड्याला दुखण्यावरचं औषध घेऊन जात. माझ्यावर एवढा लोभ करणारा साहेब मला पुढे मिळाला नाही, आणि ती बातमी आणल्यावर तेच साहेब माझ्याशी महिनाभर धड बोलले नव्हते.

सोलापूरहून उत्तर आलं, ‘काखेत गाठी सापडल्या. काढल्या.’

तेव्हापासून रजिस्टरमध्ये कुठल्याच पेशंटपुढे मी ‘बरी झाली’ असं लिहिलं नाही. ‘घरी गेली’ लिहायचो, आणि सहा महिन्यांनी त्या पेशंटच्या घरी बघायला जायचो.