मेथी निवडायचा डबा

डब्यात भाजी विकणाऱ्या हौसाबाईंनी मेथीची जुडी माझ्या मांडीवर ठेवली, तेव्हा माझ्या हातात रेल्वेने वाटलेला फॉर्म होता. ही संध्याकाळची पॅसेंजर बंद करून चालकाविना धावणाऱ्या मोटारी सुरू केल्या तर चालेल का, असं त्यात विचारलं होतं. मोटार दारातून नेणार, दारात सोडणार. माझे गुडघे दुखतात, आमच्या स्टेशनचा फलाट बुटका आहे. मी 'हो'वर खूण करायला पेन काढलं.

नोकरीवरून परतणाऱ्या आम्ही बायका हौसाबाईंकडून भाजी घेतो आणि घर येईपर्यंत गाडीतच निवडतो. काड्या त्यांच्या पाटीत टाकतो, त्यांच्या शेळ्यांसाठी.

"ताई, त्या मोटारीत माणसं किती बसणार?" हौसाबाईंनी विचारलं.

"चार."

"मग मी जुड्या इकू कुणाला?"

"मंडईत बसा की."

"तिथं जागा मिळाली असती, तर तुमच्या पायाशी बसले असते व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पेन हातातच राहिलं. वेळ, भाडं, पायऱ्या, सगळ्यासाठी फॉर्मात चौकट होती. डब्यात रोज भरणारा हा बाजार कुठे लिहायचा, ते कळेना. शिवाय मोटार मला हवीच होती, आणि तेच जास्त टोचत होतं.

फॉर्म गोळा करणारा माणूस आला. "उद्या देते," मी म्हणाले. ऑफिसात मी असं उत्तर कुणाकडून ऐकून घेत नाही.