कल्याणच्या खाडीची पाऊणकी

मघापासून घरात ओल्या पाटीचा वास भरून राहिला आहे. धाकटी लेक माजघराच्या उंबऱ्याशी बसून पाऊणकीचा पाढा लिहिते आहे. दोन ओळी झाल्या की चूक, मग ओलं फडकं, मग पुन्हा पहिल्यापासून. दगडी पाटी भिजली की तिला एक थंड, मातकट वास सुटतो. फुलांच्या वासाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. या वासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पण लहानपणी ज्यांनी पाटी मांडीवर घेतली आहे त्यांना विचारून पाहा. मला तर त्या वासासरशी ठाण्याचं हे सासरचं घर दिसेनासं होतं, आणि मी कल्याणच्या मुलींच्या शाळेत परकराचा घोळ सावरून भुईवर बसलेली असते.

शाळा म्हणजे काय, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका व्यापाऱ्याच्या घराची लांबलचक पडवी. मुलींच्या शाळेवर म्हातारा मास्तर नेमायचा असा त्या वेळचा रिवाज होता. मास्तर म्हातारा असला म्हणजे लोकांची तोंडं बंद राहतात, आणि मुलींना शिकून तरी काय दिवे लावायचे आहेत, तेव्हा तो दुपारी पेंगला तरी कुणाचं बिघडत नाही, असा सगळा हिशेब. आमचे मास्तर दिसायला अगदी या हिशेबात बसणारे होते. अंगात बाराबंदी, खांद्यावर उपरणं, उपरण्याच्या टोकाला तपकिरीची डबी, कमरेला एक जुनं घड्याळ दोऱ्यानं बांधलेलं. फक्त ते पेंगत नसत. बाकीच्या शाळांत परवचा घोकून पोरांचे घसे बसत, छडीनं हात सुजत. आमच्याकडे मास्तर आम्हांला अंदाज करायला लावत. आधी बोलायचं, मग बघायचं, आणि बघितल्यावर असं का झालं ते शेजारणीला समजावून सांगायचं, एवढीच त्यांची शिस्त.

एका उन्हाळ्यात त्यांनी पाण्यानं भरलेलं घंगाळ पडवीत आणून ठेवलं, आणि एका हातात चिंचोका नि काखेत कलिंगड घेऊन उभे राहिले. "बुडेल कोण, तरंगेल कोण?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, कलिंगड बुडेल, एवढं मोठं धूड ते. कलिंगड घंगाळात खुशाल डुलत राहिलं आणि चिंचोका सरळ तळाशी गेला. त्यावर मास्तरांनी आम्हांला एक अक्षर सांगितलं नाही. दोन दिवस आम्ही आपसांत भांडलो, घरच्या बादल्यांत काय काय बुडवून पाहिलं, आयांचे धपाटे खाल्ले. तिसऱ्या दिवशी मास्तर तपकीर ओढत आमची वादावादी ऐकत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, यांना आज घरी गोडधोड आहे.

माझं मात्र एका ठिकाणी अडलं होतं. बाबा कचेरीत कारकून. मला शाळेत घातल्याबद्दल भाऊबंदांनी त्यांना टोचून खाल्लं होतं, तेव्हा त्यांनी चारचौघांत शब्द दिला होता की पोरगी शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीच्या परीक्षेत पास होत गेली तर शिकेल, नापास झाली त्या दिवशी शाळा बंद. शब्द दिला तो त्यांनी मला सांभाळायलाच, हे आता कळतं. त्या वेळी एवढंच कळत होतं की आपल्याला शाळा हवी आहे आणि पाऊणकी येत नाही. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, इथवर जीभ नीट चालायची. पुढे कुठून तरी सव्वाची सवायकी मध्ये घुसायची आणि सगळी दाणादाण. सगळ्यांच्या आवाजात माझं खपून जाई, पण एकटीला उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी.

मास्तरांनी ते ओळखलं. रागावले नाहीत. एका दुपारी म्हणाले, "चला, आज पाऊणकी बघायला जाऊ." पाऊणकी बघायची कशी, ते कुणालाच कळेना. वाटेत त्यांनी सांगितलं की अवसेला आणि पुनवेला समुद्राला दुपारी बाराच्या सुमाराला भरती येते, आणि पुढे दर तिथीला पाऊण पाऊण तास मागे पडत जाते. तेव्हा तिथीची पाऊणकी करा, भरतीची वेळ निघते. आज तृतीया. झाली की नाही सव्वादोनची? आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलो, मास्तरांनी चिखलात एक काठी रोवली आणि घड्याळ हातात धरलं. सव्वादोन झाले. पाणी अजून कुठल्या कुठे होतं, आणि काठीभोवती खेकडे फिरत होते. आमची तोंडं उतरली. गलबताला डांबर लावत बसलेला एक कोळी हसू दाबत म्हणाला, "मास्तर, पानी काय तुमच्या घड्यालाचा नोकर हाय काय?"

मास्तर त्याच्याहून मोठ्यानं हसले. "चुकलं ना? छान झालं. आता सांगा, का चुकलं?" आणि मला, जिला पाऊणकी येत नव्हती तिला, ते एकदम दिसलं. माझं आजोळ वसईचं. आजोळाहून येताना आम्ही भरतीबरोबर मचव्यातून यायचो, आणि येता येता जीव विटून जायचा, इतका वेळ लागे. मी म्हणाले, "मास्तर, समुद्र वसईला आहे. पाण्याला इथवर यायला वेळ नको का?" मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही त्या नजरेची ऊब वाटते. मग आम्ही पाणी यायची वाट पाहत बसून राहिलो. काठी बुडता बुडता पाणी थांबलं तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते.

त्या दिवसापासून मला वेडच लागलं. आमच्या परसातून खाडी दिसे. रोज तिथी पाहायची, पाऊणकी करायची, तिच्यात कल्याणचा दीड तास मिळवायचा आणि पाणी आपल्या शब्दावर येतं की नाही ते बघायला परसात उभं राहायचं. थोडं मागेपुढे होई, पण येई. ज्या पाढ्यानं मला रडवलं होतं तो आता मला तिथीतिथीनं पाठ झाला होता. घोकला एकदाही नव्हता.

परीक्षेचा दिवस आला. डिपोटीसाहेब लाल पगडीचे, आवाजानं मऊ, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "माणशी पाऊण शेर तांदूळ, तर सात माणसांना किती?" अंधारी येऊ लागली, म्हणून मी घाईघाईनं सप्तमीला धरलं. सप्तमी, परस, चढणारं पाणी. "पावणेसात," मी ठणकावून सांगितलं. साहेबांनी भुवई वर केली आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. "कसं काढलंस?" मी म्हणाले, "सप्तमीला वसईचं पाणी इथं पावणेसातलाच येतं. मी बघितलंय." सव्वापाच शेरांत मी खाडीचा दीड तास मिळवून ठेवला होता. साहेब खरंच हसले, पण कुत्सितपणे नव्हे. म्हणाले, "मुली, तांदूळ वसईहून चालत येत नाही." आणि माझ्या नावापुढे जे लिहायचं ते त्यांनी लिहिलं. मास्तर पुढे होऊन काहीतरी बोलू लागले, पण साहेबांनी हातानंच थांबवलं. पुढच्या मुलीला उभं केलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवताना एवढंच म्हणाले, "शब्द दिलेला आहे." आईनं माझं दप्तर माजघरातल्या खुंटीला उंच टांगलं, माझा हात पोचणार नाही इतकं. रात्री मी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले, आणि तीही रडली असावी, कारण तिचं पोट हलत होतं.

मास्तरांचं घर बाजाराच्या अंगाला. आमची आळी त्यांच्या वाटेवर नव्हतीच. तरी त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर ते आमच्या कुंपणाशी दिसू लागले. तपकिरीच्या निमित्तानं थांबायचे, चिमूट भरायची, आणि अंगणात निवडत-टिपत बसलेल्या मला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय गं, भाकरी फुगते ती कशानं?" उत्तराला थांबत नसत. दुसऱ्या दिवशी येऊन माझं ऐकायचे, बरोबर की चूक ते सांगायचे नाहीत, "कशावरून?" एवढं म्हणायचे आणि नवा प्रश्न टाकून चालू लागायचे. पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं? तांब्याच्या बंबातलं पाणी लवकर निवतं की मडक्यातलं? आईचं स्वयंपाकघर मी दोन वर्षं नुसतं उलथंपालथं केलं. आई कावायची, "अगं, हे घर आहे की काय आहे?" पण मडकं मात्र द्यायची. बाबा ओसरीवर कचेरीचे कागद घेऊन बसलेले असत. मास्तर आले की त्यांची मान आणखी खाली जाई. एकदाही त्यांनी मास्तरांना या म्हटलं नाही आणि एकदाही जा म्हटलं नाही. मला त्यांचा राग यायचा. मास्तरांसाठी पाट मांडावा असं मला फार वाटायचं.

मग मास्तर पेन्शन घेऊन आपल्या गावी, खाली राजापूरकडे, निघाले. आदल्या संध्याकाळी आले, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारला नाही. कुंपणावरून हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "आता प्रश्न तू विचारायचे." माझं लग्न ठाण्याला ठरलं होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. ते आळीच्या टोकाला वळेपर्यंत मी पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती वेळ झाली आणि सवयीनं मी तांदळाचं सूप घेऊन अंगणात येऊन बसले. येणार कुणी नव्हतं, तरी बसले. दिवस मावळला. आईनं दिवा लावला. ओसरीवरून बाबा खाकरले. मला वाटलं, आत जा म्हणतील.

"काय गं," ते म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. कचेरीत साहेबापुढे उभे राहत असतील तेव्हाचा असावा. "हा चंद्र रोज उशिरा का उगवतो? काल दिवेलागणीला वर आला होता. आज अजून पत्ता नाही."

मी म्हणाले, "मला नाही ठाऊक, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मांडीवरचे कागद गोळा करून बाजूला ठेवले आणि बैठकीवर सरकून माझ्यासाठी जागा केली. त्या काळी मुलगी बापाशेजारी ओसरीवर बसत नसे. रस्त्यानं माणसं जात होती. मी गेले आणि बसले, आणि चंद्र वर येईपर्यंत आम्ही दोघं पूर्वेकडे पाहत राहिलो.

मास्तरांची नंतर काही खबर लागली नाही. बाबाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. व्यापाऱ्याच्या त्या पडवीत हल्ली म्हणे कापडाचे गठ्ठे रचतात. एवढीशी का होईना, पण शाळा मिळाली, पुष्कळ झालं, असं या वयाच्या बायकांनी म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. मला आणखी शाळा हवी होती. आणि ते बाबांना त्या संध्याकाळी कळलं होतं.