नानांनी वाढवलेली खोली

सकाळी उठल्यावर लोक देवाचं नाव घेतात. आमचे शेजारी नाना "आबा, आज कोन गेलं?" असं विचारायचे. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमची कॉलनी. नानांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये छातीएवढ्या उंचीची एकच सामाईक भिंत. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या भिंतीकडे उघडते. नाना पलीकडून भिंतीवर कोपरं टेकून उभे राहायचे आणि आबा खिडकीत बसून त्यांना पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवायचे. नानांना बारीक अक्षर दिसत नसे आणि चष्मा करायला सवड मिळत नसे.

सवड मिळणार कशी? नाना सदा दारावर गेलेले. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं, की त्या घरी जाऊन दारात बसून यायचं, याला दारावर जाणं म्हणतात. बाकीचे लोक आपापल्या सोयऱ्यांकडे जातात. नानांचं नातं पेपरात छापलेल्या कुणाशीही निघायचं. सावद्याची केळी पुतण्याच्या हवाली करून ते जळगावला आले होते, त्यामुळे वेळही होता. "जेवाले बलावलं आन् नाही गेलं तं चालते, भाऊ. दारावर जाच लागते," असं ते मला सांगायचे. त्यात चूक काहीच नाही. पण ज्या दिवशी मला ते घरी हवे असत, नेमकं त्याच दिवशी बोदवडला कुणीतरी गेलेलं असे.

मला ते हवे असत खोलीसाठी. त्यांचा पुण्याचा मुलगा बायकापोरांना घेऊन आला की झोपायला जागा पुरत नाही, म्हणून नानांनी मागच्या अंगाला एक खोली वाढवायचं काढलं होतं. तीही थेट सामाईक भिंतीला भिडवून. घर बांधताना हद्दीपासून जागा सोडावी लागते, हे मी त्यांना नियमासकट समजावून सांगितलं. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझीच कीव केल्यासारखं म्हणाले, "भाऊ, बांधाले लागून पेरा लागते. जागा रिकामी ठेवली का गवत उगते."

हा सगळा शेतातला कारभार. दरसाल नांगर थोडा थोडा आत घालून शेजाऱ्याचा बांध कोरायचा, हे आमच्याकडे नवीन नाही. नानांनी आमची भिंत तशीच कोरली होती. आधी तिच्यावर गिलक्यांचा वेल चढला. मग भरताची वांगी भाजायला म्हणून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा तिला टेकला. मग पत्र्याचं शेड आलं आणि त्याचं पाणी आमच्या बोळात पडायला लागलं. प्रत्येक वेळी मी तावातावाने जायचो आणि हातात काहीतरी घेऊन परत यायचो. कधी गिलकी, कधी भरताचा डबा, कधी केळीची फणी. "तुम्ही भांडायला जाता का बाजाराला?" असं बायकोने एकदा विचारलंही.

खोलीच्या वेळी मात्र मी काहीही हातात घ्यायचं नाही असं ठरवलं. आबांचे गुडघे गेलेले. खोलीबाहेर पडणं बंद झालेलं. त्या खिडकीतून येणारं सकाळचं ऊन, तेवढाच काय तो त्यांचा दिवस. तिथे भिंत उभी राहिली की त्यांना भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसावं लागणार होतं. मी नानांना हे स्पष्ट सांगितलं. नाना खरोखर दुखावले. म्हणाले, "आबाचा उजेड मी काहून घालवीन?" आणि दुसऱ्या दिवशी विटांचा ट्रॅक्टर आला.

आबांचं तर काही विचारूच नका. मी त्यांच्यासाठी घसा कोरडा करत होतो आणि ते म्हणत होते, "शेजाऱ्याशी भांडून कुठं जाशील? बांधू दे त्याला."

शेवटी मी एका इंजिनियरला गळ घातली. रविवारी तो, नाना, मिस्तरी आणि मी, सगळ्यांनी समोरासमोर उभं राहून जागा किती सोडायची ते ठरवायचं, असा बेत झाला. रविवारी सकाळी आबांनीच पेपर वाचला. नानांच्या साडूचे कुणी काका वारले होते. नाना पिशवी घेऊन निघाले आणि जाताना मिस्तरीला "लाईन धरून घे" एवढंच सांगून गेले. मिस्तरीने सामाईक भिंतीचीच लाईन धरली. दहावा होईपर्यंत नाना तिकडेच राहिले. मी रोज मिस्तरीवर ओरडायचो, तो नानांकडे बोट दाखवायचा. मी फोन लावायचो, तर नाना हळू आवाजात म्हणायचे, "भाऊ, दारावर बसेल हाये. मंग बोलतो." इकडे भिंत खिडकीच्या वर गेली.

नाना परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने आबांच्या खिडकीकडे निघाले आणि स्वतःच्याच नव्या भिंतीसमोर येऊन थांबले. पलीकडून विहिरीतून यावा तसा आवाज आला, "आबा, आज कोन गेलं?" आबांनी होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं. नानांना एक नाव धड कळेना. त्या माणसाच्या डोक्यात तोपर्यंत हे आलंच नव्हतं, की आबांचा उजेड जिथून येतो तिथूनच आबाही ऐकू येतात. दुपारी त्यांनी त्याच मिस्तरीला बोलावून ओल्या भिंतीला आबांच्या खिडकीच्या ऐन समोर भलं मोठं भगदाड पाडायला लावलं, त्यात खिडकी बसवली आणि आपली खाट तिथे आणून टाकली. पुण्याचा मुलगा आला की हॉलमध्येच झोपायचा.

मी हद्दीची जागा मागितली होती, मिळाली एक खिडकी. ऊन आलं, पण निम्मं, तेही नानांच्या खोलीतून गाळून. कॉलनीत मात्र नानांच्या मनाच्या मोठेपणाचीच चर्चा. मी कुणाला काही समजावून सांगायचं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. आदल्या दिवशी सकाळी पेपर ऐकून चहा घेतला होता. पुण्याच्या मुलाने घर विकायला काढलं. घेणाऱ्याला सगळं मंजूर नकाशाप्रमाणे हवं होतं. मुलगा सरळ मनाचा, स्वतः सांगायला आला. "काका, तुमचंच बरोबर होतं. ती खोली पाडून जागा सोडतोय," म्हणाला. इतक्या वर्षांत माझं बरोबर आहे असं म्हणणारा तो पहिला माणूस.

खोली पडली, मलबा उचलला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन थेट आबांच्या खाटेपर्यंत आलं, अगदी पूर्वीसारखं. मी दारात उभा राहून बघत होतो. पेपर घडी न मोडता त्यांच्या मांडीवर पडला होता. आता वाचायला बरं पडत असेल, असं मी म्हणालो.

आबांनी खिडकीकडे पाहिलं. "पडदा ओढ," म्हणाले. "उजेड डोळ्यांवर येतो."

मी पडदा ओढला.