विहिरीचं प्रकरण

दुकानात गेल्यावर सर आधी वस्तू मागत नसत. 'हे तुमच्याशिवाय दुसरं कोण ठेवतं?' असं विचारत. काडेपेटी घ्यायची असो की शाईची दौत, प्रश्न तोच. दुकानदाराला वाटे, गिऱ्हाईक परत चाललंय. सर मात्र उत्तर ऐकून घेत, मान हलवत आणि तिथूनच वस्तू घेत. माळीवाड्यातल्या दुकानदारांनी त्यांचं नाव 'दुसरं-कोण मास्तर' ठेवलं होतं. ते नाव कॉलेजात यायला वेळ लागला नाही.

नगरमधलं आमचं कायद्याचं कॉलेज लहान आणि खासगी होतं. आज ते त्या नावानं उरलेलं नाही. वर्ग सकाळी भरत. मी राहुरीहून पहाटेच्या एस.टी.नं येई. वर्गात आम्ही दोघीच मुली. सर तिथे हंगामी अध्यापक होते. मक्तेदारीवरचा कायदा तेव्हा नुकताच आला होता आणि सर त्यावर मुंबई विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होते. विषय अभ्यासक्रमात नव्हता. तरी करारांचा कायदा शिकवता शिकवता ते तिकडे वळत आणि वळले की तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू येत नसे. मागच्या बाकांवरची मुलं उघड जांभया देत.

एकदा त्यांनी आम्हाला रस्त्यावर आणलं आणि टेलिफोनचे खांब दाखवले. या खांबांशेजारी दुसऱ्या कंपनीचे खांब उभे करायचे का, असं विचारलं. आम्ही नाही म्हणालो. बरोबर, ते म्हणाले, काही गोष्टी एकाच्याच हातात राहणार. तार, कालवा, रूळ. त्याला इलाज नाही. मग म्हणाले, "पण वाट ज्याच्या हातात आहे, त्यानं वाटसरू निवडायचा नाही. एवढंच शिकायचंय तुम्हाला. बाकी कलमं पाठ होतील."

पुढे मी हाच विषय तीसेक वर्षं शिकवला. वीज, टेलिफोन यांत खासगी कंपन्या आल्या, नियामक मंडळं आली, परदेशातली जाड पुस्तकं आली. सरांच्या त्या वाक्यातलं तत्त्व त्या पुस्तकांत चांगली शंभर-दोनशे पानं व्यापून बसलेलं असे. पण ते मी सर्वांत आधी रस्त्यावर, खांबाखाली ऐकलं होतं.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सरांना त्यांच्या प्रबंधासाठी उदाहरण मिळालं. नेवाशाच्या पूर्वेला एक गाव आहे; नाव घेत नाही. पंचक्रोशीत तिथल्या एकाच विहिरीला पाणी टिकून होतं. विहिरीचे मालक बागाईतदार, सगळे त्यांना अण्णा म्हणत. विहिरीवर इंजिन त्यांचं आणि पाणी वाहणारे दोन टँकरही त्यांचेच. नेवाशाच्या रशीदभाईंनी कर्ज काढून जुन्या ट्रकवर लोखंडी टाकी बसवून तिसरा टँकर केला. सरकारी खेपा त्यांनाही मंजूर झाल्या. पण अण्णांनी त्यांचा टँकर भरू द्यायला नकार दिला. त्यामुळे लांबच्या दोन वस्त्यांना चार-चार दिवसांनी पाणी मिळे.

हे रशीदभाईंच्या भाच्याकडून कळलं. तो आमच्याच वर्गात होता. सर त्याच रविवारी मला आणि त्याला घेऊन गावी गेले. अण्णांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला. विहीर माझी, इंजिन माझं, डिझेल माझं, मी कोणाला पाणी द्यावं हे तुम्ही कोण सांगणार, असं ते शांतपणे म्हणाले. सरही शांतच होते. तुम्ही पैसे घ्या, रास्त दर घ्या, पण नाही म्हणू नका, एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. निघताना वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन ओळीत बसलेल्या दिसल्या. ऊन माथ्यावर होतं.

नगरला परतल्यावर सरांनी अर्ज लिहिला. सात पानांचा, कलेक्टर कचेरीसाठी. अर्जदार म्हणून सही रशीदभाईंची घेतली, कारण नकार त्यांना मिळाला होता. रशीदभाई बिचकत होते. सरांनी त्यांना समजावलं, की कायदा तुमच्या बाजूचा आहे, फक्त कोणीतरी मागायला हवं. रशीदभाईंनी मोडी वळणाच्या अक्षरात सही केली आणि बोटाला लागलेली शाई धोतराला पुसली.

अण्णा आमच्या कॉलेजच्या कार्यकारिणीवर आहेत, हे सरांना माहीत होतं. मला नंतर कळलं. प्राचार्यांनी सरांना दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा खोलीचं दार उघडं राहिलं होतं आणि मी बाहेर वह्या घेऊन उभी होते. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. ते म्हणत होते, की अर्ज मागे घ्या, जूनमध्ये तुम्हाला कायम करून घेतो. सर म्हणाले, "अर्ज माझा नाही. मी कसा मागे घेऊ?"

इकडे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. टँकर उभा राहिला की खेपा नाहीत, खेपा नाहीत तर चालकाचा पगार नाही. तीन महिन्यांनी रशीदभाईंनी टँकर विकला. घेणारा एकच होता. अण्णांनीच तो टँकर घेतला. त्यानंतर पंधरा दिवसांनी आदेश आला. अगदी सरांच्या अर्जातलीच भाषा: सदर विहिरीवर अन्य कोणाच्याही टँकरला पाणी नाकारू नये. सरांनी तो कागद वर्गात वाचून दाखवला नाही. मला दिला. मी वाचला. अन्य कोणी उरलंच नव्हतं.

जूनमध्ये सरांची नेमणूक झाली नाही. मुंबईच्या मार्गदर्शकांनी विहिरीचं प्रकरण प्रबंधातून काढायला सांगितलं. कायदा मोठ्या उद्योगघराण्यांसाठी आहे, गावच्या भांडणासाठी नाही, असं त्यांचं मत. सरांनी उत्तर पाठवलं, की मक्तेदारी आकारात नसते, अडवण्याच्या जागेत असते. प्रकरण काढलं नाही. प्रबंध तिथेच थांबला. सर सोलापूरला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला गेले. एस.टी. स्टँडवर त्यांना पोचवायला आम्ही दोघंच होतो, मी आणि कॉलेजचा शिपाई. रशीदभाईंचा भाचा आला नव्हता. त्यानं कॉलेज सोडलं होतं.

मी पुण्याला एल.एल.एम. केलं आणि अध्यापक झाले. ते सांगायला सोलापूरला गेले. सर वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. पेढे घेतले, अभिनंदन केलं, आणि लगेच विचारलं, रशीदभाई काय करतात? मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मिस शेटे, मी उदाहरण शोधत होतो. तो माणूस पोट भरत होता. त्याला किती दिवस थांबता येईल, हे मी विचारलंच नाही. एकदाही."

पुढच्या आठवड्यात मी नेवाशाला गेले. रशीदभाई अण्णांकडेच कामाला होते. आपलाच जुना टँकर चालवत होते, आता त्यातून साखर कारखान्याची मळी जाई. त्यांनी मला ओळखलं, बसायला पोतं अंथरलं. सरांना तुमच्याबद्दल फार वाईट वाटतं, असं मी म्हणाले. तुम्हाला राग आहे का, असंही विचारलं. ते चाकावरचा चिखल काडीनं खरवडू लागले.

"हाय की. न्हाई कसा? मानूस लई चांगला, पन माझं घर गेलं त्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना नका सांगू हे."

मी सरांना पत्र लिहिलं. रशीदभाई बरे आहेत, टँकर चालवतात, तुमच्यावर मुळीच राग नाही, असं कळवलं. टँकर कोणाचा ते लिहिलं नाही. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर बारीक, सरळ अक्षरात एकच ओळ होती: 'कळवलंत, बरं केलंत.'

त्या हिवाळ्यात सर गेले. माझं पत्र त्यांनी खरं मानलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.