कडेच्या ओळी

साहेबानं माझी चिठ्ठी चुरगाळून माझ्या तोंडावर फेकली. ओठाला लागून ती खाली पडली. खळ्यावर दहा-बारा बाया होत्या, मुकादम होता, कारकून होता.

"चौथी शिकलेली बाई मला शास्त्र शिकवणार?" साहेब म्हणाला. "उचल. नीट लिही."

आणि हसला. मग मुकादमही हसला. तिथं तशीच रीत होती.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. बेंबळीजवळ सरकारनं ज्वारीच्या संशोधनाचं शेत काढलं होतं. मी तिथं रोजानं जायची. बायांत लिहिता येणारी मी एकटीच. म्हणून प्रत्येक तुकड्यातली कणसं तोलून वजन चिठ्ठीवर लिहायचं काम माझ्याकडं. पण चिठ्ठी कारकुनाच्या हातात द्यायची नाही. त्याला आमचा विटाळ व्हायचा. मी ती जमिनीवर ठेवायची, तो उचलून वहीत उतरवायचा. माझा आकडा चालायचा, हात चालायचा नाही.

तुकड्याच्या कडेच्या ओळींना ऊन-वारा मोकळा मिळतो. तिथली कणसं मोठी येतात. म्हणून ती वेगळी काढायची, तोलायची नाहीत. हा तिथला पहिला नियम. त्या वर्षी साहेबानं स्वतः तयार केलेल्या वाणाला कीड लागली. मधली ताटं आतून पोखरली. तेव्हा वजन भरून दिसावं म्हणून मुकादमानं त्या एका वाणाची कडेची कणसंही पोत्यात भरायला लावली. बाकीच्या वाणांची नाही. मी भरली. भ्याले होते. पण वजनापुढं लिहिलं : कडेच्या ओळी धरून.

एवढाच माझा गुन्हा.

कारकूनही भीतच होता. वहीत लिहायच्या आधी तो साहेबाला विचारायचा, "किती यायला पाहिजे?" त्याची बढती साहेबाच्या हातात. मुकादमाची नोकरीही. त्या शेतात आकडा आधी ठरायचा, काटा नंतर लागायचा.

मी चिठ्ठी उचलली. काम गेलं तर घरी लेकीला काय घालू, एवढंच डोक्यात. शेजारची कोंडामावशी पुटपुटली, "लिव गं बया. तुझं काय जातंय?"

काय जातंय? हेच बी पेरणीला गावोगाव वाटणार होते. माझ्या भावानं ते घ्यायचं म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या दोन एकरात ही पोकळ ताटं उभी राहणार होती, माझ्या चिठ्ठीवरून.

मी चिठ्ठी हातानं सरळ केली. जमिनीवर ठेवली नाही. साहेबापुढं धरली.

"म्या तोललं तेच लिवलंय. दुसरं पायजे तर तुमच्या हातानं लिवा."

साहेब दोन पावलं मागं सरला. माझा हात लागंल म्हणून.

"हिला उद्यापासून घेऊ नका," तो मुकादमाला म्हणाला.

वहीत त्याचाच आकडा गेला. बी वाटलं गेलं. भावाला मी घेऊ दिलं नाही. गावातल्या बाकीच्यांनाही सांगितलं, तर म्हणाले, "सरकारी वहीपेक्षा तुला लई कळतंय व्हय?" त्यांची ताटं मोडून पडली. तरी वही तशीच राहिली.

साहेबानं न घेतलेली ती चिठ्ठी माझ्या पेटीत आहे. कुणी साहेबी आवाजात बोललं की अजून ती काढून बघते. या हातानं मी आकडा बदलणार नाही. आणि चिठ्ठी पुन्हा जमिनीवर ठेवणार नाही.